अर्ध्या दमावर जगणाऱ्या पेशी

पंधरा वर्षं माझं काम ओरडायचं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून वादी, प्रतिवादी, साक्षीदार, आरोपी यांची नावं तीन-तीनदा पुकारायची. तालुक्याचं नाव लिहीत नाही, नांदेड जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. कोर्टात राहून माणसाला एक खोड लागते. समोरचा बोलायला लागला की हा खरं कुठं सोडणार, इकडंच कान लागतात. ही खोड मला आजारपणात लई नडली, आणि एकदा-दोनदा कामालाही आली. ज्यांच्या घरात एखादं माणूस कायम थकलेलं असतं आणि त्याचा थकवा कुणाला खरा वाटत नाही, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

*

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर नाझर साहेबांनी आत बोलावलं. नाझर म्हणजे आम्हा शिपायांवरचे अधिकारी.

"गौतम, दार लावून घे."

मी लावलं.

"आता माझ्याकडं तोंड कर आन् फुंक."

"काय साहेब?"

"फुंक म्हणलं."

मी फुंकलं. त्यांनी नाक पुढं आणलं, पुन्हा फुंकायला लावलं. मग म्हणाले, "वास तर न्हाई. पण डोळे बघ तुझे, अर्धे मिटलेले. बोलतोस नाकातून. काल जज साहेबांनी एक नाव सांगितलं, तू भलतंच पुकारलंस. सगळा व्हरांडा हसला."

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. आमचे बाबा गावच्या विहारात लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारे. पाचवं शील, नशेला न शिवण्याचं, आमच्या घरात पाण्याच्या माठासारखं, रोजच्या वापरातलं. तसं सांगितलं तर साहेब म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." खरं होतं. तेच वाक्य मी स्वतः शेकडो आरोपींच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकावरही विश्वास ठेवला नव्हता.

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. दारू निघाली नाही. साहेबांनी तो कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "कागद चांगला आलाय. मग तू घेतोस तरी काय, ते कळंना झालंय."

म्हणजे दारू नाही तर गोळ्या. गोळ्या नाही तर आणखी काही. तेव्हा मला कळलं की संशयाला पुरावा लागत नाही. त्याला फक्त जागा बदलावी लागते.

*

खरं तर दोन वर्षांपासून अंग मला सांगून राहिलं होतं. पापण्या खाली यायच्या आणि वर जायच्या नाहीत. बाजूला बघायचं तर डोळे वळत नव्हते, अख्खी मान वळवावी लागायची. त्यामुळं लोकांना वाटायचं, हा ताठ झालाय. भाकरीचा घास घशात अडकायचा. कोर्टाच्या दहा पायऱ्या चढलो की मांड्यांत अशी आग व्हायची, जशी लहानपणी शर्यतीत पळून आल्यावर व्हायची. फरक एवढाच की मी पळालो नव्हतो.

साखर त्याच्याही आधीपासून. मी काडीसारखा बारीक, तरी साखर. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली. ती सुरू झाल्यापासून मळमळ आणि पायात गोळे वाढले, असं मला वाटायला लागलं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "सगळ्यांना हीच देतो, तुलाच कसं होतं?" मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. हे चुकलंच. तुम्ही करू नका.

आणि चहा. घरचा चहा मला कडवट लागायचा. बायकोला, रंजनाला, विचारलं तर ती म्हणायची, "तुमचीच जीभ बिघडली." आमच्या मुलीला तोच चहा गोड लागायचा. मी दोघींच्या कपांकडं बघत बसायचो. मग स्वतःचीच लाज वाटायची, की आता घरच्या चहावरही संशय? डोकं फिरलंय माझं.

तक्रार कुणी केली, हे मात्र मी मनात ठरवून टाकलं होतं. पवार. माझ्याच बरोबरीचा शिपाई. मी रजेवर असलो की पुकारा तो करायचा आणि त्याचा आवाज चांगला होता. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो डब्यातलं काही पुढं करायचा, मी हात लावत नव्हतो.

*

बहीण छाया चाकूरला दिलेली आहे. तिनं मला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बराच वेळ बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "हे डोळ्याचं नाही. पापणी उचलणारा स्नायूच थकलाय. नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." चिठ्ठी दिली. मी ती चिठ्ठी वाटेत तीनदा उघडून वाचली. याला मला तिकडं पाठवून काय मिळणार, हेच डोक्यात.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस पांढरे. बोलताना आपल्याकडं बघायच्या, कागदाकडं नाही. तरी मी सावध होतो. त्यांनी आधी दुसऱ्याच एका आजाराच्या गोळ्या महिनाभर देऊन बघितल्या. फरक पडला नाही. मला वाटलं, बघा, यांनाही माहीत नाही. पण त्या म्हणाल्या, "फरक पडला नाही, हेच मला बघायचं होतं." असं बोलणारा साक्षीदार मला कोर्टात कधी भेटला नव्हता.

मग आठवडाभर भरती. सकाळी उठायच्या आधीच रक्त. ते घेताना दंडाला पट्टा बांधायचा नाही, मूठ आवळायची नाही, नुसतं पडून राहायचं. "हललात तर आकडा चुकेल," नर्स म्हणायची. मग सुया टोचून स्नायूंत वीज बघितली. कानाच्या तपासणीत निघालं की मला दोन्ही कानांनी कमी येतं. म्हणजे जज साहेबांनी सांगितलेलं नाव मी चुकीचं पुकारलं नव्हतं, चुकीचं ऐकलं होतं. एक दिवस मांडीतून स्नायूचा तुकडा काढला, शेंगदाण्याएवढा. त्या दिवशी मी लई घाबरलो. सही करताना विचारलं, "हे कुठं जाणार? कुणाला विकत तर न्हाई?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हैदराबादला जाणार. पाकिटावर तुमचं नाव तुम्हीच लिहा." मी लिहिलं.

वॉर्डातल्या मावशी रोज पेज आणायच्या आणि मी संपवेपर्यंत उभ्या राहायच्या. घशात अडकलं तर घाई करायच्या नाहीत. "सावकाश गिळ लेकरा, मला कुठं जायचंय." त्यांना दहा कामं होती, हे मला दिसत होतं. त्या एवढ्या आजारपणात जिचं खोटं मला आवडलं, अशी ती एकच बाई.

*

निकाल यायला बरेच आठवडे गेले. त्या दिवशी रंजना सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"शाळेत तंतुकणिका शिकलात का? मायटोकॉन्ड्रिया?"

"नाव ऐकलंय."

"प्रत्येक पेशीत छोट्या छोट्या भट्ट्या असतात. आपण श्वासातून घेतलेली हवा शेवटी तिथं पोचते. त्या हवेवर अन्न पूर्ण जळतं आणि ताकद मिळते. तुमच्या बऱ्याच भट्ट्या जन्मापासून बिघडलेल्या आहेत. हवा येते, पण ती वापरता येत नाही."

"मग मी जिवंत कसा?"

"चांगला प्रश्न आहे. पेशी लई चिवट असते. भट्टी बंद पडली तर ती हवेशिवाय साखर अर्धवट मोडते. दूध विरजतं ना, त्यातलाच प्रकार. पण भट्टी चालली असती तर ज्या घासातून पंधरा वाटे ताकद निघाली असती, त्यातून असा एखादाच वाटा निघतो. आणि मागं आम्ल उरतं, ते रक्तात येतं. पायऱ्या चढल्यावर मांड्या पेटतात ना? तेच. पेशी मरत नाही, पण कायम अर्ध्या दमावर चालते. डोळ्यांचे स्नायू दिवसभर हलतात, त्यांना आधी कमी पडतं."

मी विचारलं, "म्हणजे बाई, मी पीत न्हाई, पण माझ्या आत आंबवणं चालू हाय?"

"दारू नाही बनत. आम्ल बनतं. पण आंबवणंच आहे ते."

मला हसू आलं. नाझर साहेबांचं नाक आठवलं.

मग त्यांनी विचारलं, "साखरेच्या गोळीशिवाय अजून काही औषध घेता? काढा, चूर्ण, काहीही?"

"न्हाई," मी म्हणालो. "साखरेची गोळीबी मी बंद केली होती." त्या गोळीचं नाव बघून त्या म्हणाल्या, "बाकीच्यांना ही चांगली आहे. तुमच्या या आजारात ते आम्ल वाढण्याची भीती असते, म्हणून मी टाळते. आता इन्सुलिन घेऊ. पण मनानं बंद करायची नव्हती, येऊन भांडायचं होतं."

तेवढ्यात रंजनानं पर्स उघडली. एक कागदी पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे बी घेतात," ती म्हणाली. "त्यांना म्हाईत न्हाई."

पुडीवर छापलं होतं : दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता. चहात किंवा भाजीत मिसळा.

चार महिने. माझ्या एकट्याच्या कपात.

*

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. लोहा गाव आलं. मग ती खिडकीकडं बघत म्हणाली, "नाझर साहेबांकडंबी मीच गेले होते. पवार न्हाई."

"कशाला?"

"तुमच्या तोंडाला वास येत नव्हता, तरी तुम्ही झुकत झुकत घरी यायचे. संध्याकाळी सातला झोपायचे. माझा चुलता असाच होता. शेवटपर्यंत म्हणायचा, म्या पीत न्हाई. चुलतीनं विश्वास ठेवला आन् तिच्या हातात काय राहिलं? म्हणलं, साहेबांनी दम दिला तर तरी सुटंल."

मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. हातचं खाल्लं, कारण मला करता येत नव्हतं, पण प्रत्येक कप आधी तिच्यापुढं धरायचो. ती निमूट एक घोट घ्यायची आणि परत द्यायची. नवव्या दिवशी मी कप धरला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाच माझी किळस आली. तिनं संशय घेतला तो माझा संसार वाचवायला. मी घेत होतो तो नुसता शिक्षा म्हणून. त्या दिवसापासून बंद केलं. पूर्ण विसरलो, असं म्हणणार नाही.

पवारकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मला चोर समजून राहिलास ते मला कळत होतं. तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं, कोर्टात दुसरं काय शिकलो आपण?" आता पुकारा तो करतो. डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यावर मला रेकॉर्ड रूममध्ये बसून करायचं काम मिळालं. चष्म्याला आतून बारीक तार लावून घेतलीय, ती पापणी उचलून धरते. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण खाण्यात लांब अंतर पडू द्यायचं नाही, थोडं थोडं चालायचं, ताप आला तर थेट दवाखाना, एवढं पाळलं की दिवस बरा जातो.

*

खरा गोंधळ पुढं झाला, आणि तो माझ्या तोंडानं झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हा दोष आईकडून येतो. या भट्ट्या लेकराला आईच्याच बीजातून मिळतात, बापाच्या नाही. "तुमच्या मुलीला तुमच्याकडून काही जाणार नाही," हे ऐकून मी त्या खोलीत देवाला मानत नसूनही हात जोडले होते. पण मग त्यांनी विचारलं, "आई आहेत? बहीण?" आई आहे. बहिणीला दोन मुली आहेत.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणत होतो. हिच्या माहेरचंच हाय सगळं."

आईला कमी ऐकू येतं. पण तेवढं बरोबर ऐकलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या दुधातून जहर गेलं म्हणा की."

"दुधातून न्हाई आई, आन् जहर न्हाई."

ती उठून आत गेली. तपासणीला यायला नकार दिला. "म्या कुठं येत न्हाई. रक्त घेतील आन् माझ्यावर नाव ठेवून देतील. आयुष्यभर ठेवलंच हाय."

ते खोटं नव्हतं. आईला तरुणपणापासून साखर, तीही बारीक अंगाची. निंदायला गेली की दोन तासांत बांधावर बसायची. बायका म्हणायच्या, ढोंग करून राहिली. हाक मारली की ओ द्यायची नाही, तर बाबा म्हणायचे, हिला काम ऐकू येत नाही, जेवण बरोबर ऐकू येतं. पावसाळ्यातल्या वर्षावासात ती पौर्णिमेला अष्टशील पाळायची, दुपारनंतर अन्न नाही. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता यायचं नाही. तेव्हाही बाबा म्हणायचे, शील पाळायचं निमित्त, झोपायची हौस. आणि मी? मी हसायचो. सगळे हसायचे.

मग छाया चाकूरहून आली. दारातच मला म्हणाली, "माझ्या सासरी कुणाला बोललास का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई गं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी साक्षीदारांकडं बघायचो तशी. मग आईजवळ बसली आणि तिच्या कानाला लागून बोलली. "आई, माझी मोठी लातूरला कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत दोनदा पायरीवर बसती. सर म्हणतात, अभ्यास टाळती. मीबी तिला मारलं गेल्या महिन्यात. आई, म्या तिला मारलं."

आई तिच्याकडं बघत होती. मग पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "कधी जायचं नांदेडला?"

*

डॉक्टरीणबाईंनी आईला मोठ्यानं, पण ओरडल्यासारखं न वाटू देता विचारलं, "आजी, थकवा कधीपासून आहे?"

आईनं आधी माझ्याकडं, मग छायाकडं बघितलं. जणू प्रश्न आमच्यापैकी कुणाला असेल. "मला इचारता का?"

"तुम्हालाच."

"लग्नाच्या आधीपासून," आई म्हणाली. "पण हे कुणी इचारलं न्हाई आजवर."

मग ती बोलत सुटली. बाहेर रांग लागली होती, तरी बाईंनी थांबवलं नाही.

तपासणीत तेच निघालं. आईत आहे, छायात थोडं, तिच्या मोठ्या मुलीत आहे, धाकटीची तपासणी ती मोठी झाल्यावर तिला विचारून करायची ठरलीय. मोठीला वेळेत कळलं, हीच मिळकत. ती आता पिशवीत खाऊ ठेवते आणि जिन्यावर बसायची लाज धरत नाही. छायानं सासरी फक्त दाजींना सांगितलंय. बाकीच्यांवर तिचा विश्वास नाही, आणि मी तिला ठेव म्हणत नाही.

निघताना आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, मला कागद द्या."

"रिपोर्ट दिलाय ना मुलाकडं."

"तो इंग्रजीतला. मला मराठीत द्या. घरी दाखवायचाय."

बाईंनी चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या. आईनं तो कागद कुणाला दिला नाही, ब्लाऊजमध्ये ठेवला.

घरी आल्यावर दोन दिवस तो तसाच जपून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. तिनं कागद त्यांच्यापुढं धरला. "वाचा."

"कागदाचं काय," बाबा म्हणाले, "कागद कुणीबी लिहून देतो."

"वाचा तर."

बाबांनी चष्मा नीट केला. "श्रीमती सुभद्राबाई यांना जन्मापासून पेशींचा आजार आहे. त्यांचे कान व साखर यांचे कारण तोच आहे. त्यांचा थकवा खरा आहे. तो आळस नाही." शेवटच्या ओळीला आवाज खाली गेला.

"काय म्हणलं?" आई म्हणाली. "ऐकू न्हाई आलं."

बाबांनी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.

"शेवटचं न्हाई समजलं."

"तो आळस नाही!" बाबा ओरडले. समोरच्या घरातली बाई हातातला झाडू घेऊन दारात आली. तिच्या मागून तिची सून.

"कुणाचा?"

"तुझा! सुभद्रेचा! तुझा आळस न्हाई, असं लिहिलंय!"

मी आईच्या शेजारी बसलो होतो. नांदेडहून आणलेलं ऐकायचं मशीन तिच्या कानात होतं आणि त्याचा सेल मी सकाळीच बदलला होता.

"अजून एकदा," आई म्हणाली.